अमारोने, बाटली तिसरी

अमारोने ही इटलीची लाल वाइन. मागच्या नोंदीत 'अमारोने हे आपलं काम नाही' असं ठोकून दिलं होतं. ते शब्द मागे घेतो. दोष बाटलीचा नव्हता, माझाच होता.

पहिली बाटली पुण्याच्या एप्रिलात उघडली आणि 'रूम टेम्परेचर'ला प्यायलो. ती रूम युरोपातली असते, माझ्या तिसऱ्या मजल्यावरची नाही, हे कळायला एक बाटली गेली. साडेपंधरा टक्के अल्कोहोलची वाइन बत्तीस अंशांवर ओतली तर नाकाला स्पिरिटशिवाय दुसरं काय लागणार? दुसरी बाटली तांबड्या रश्श्याबरोबर उघडली. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवत गेले आणि मी ताकावर आलो.

या वेळी बाटली पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली. बाहेर काढून थर्मामीटर लावला तर सतरा अंश. मग दोन तास पाण्याच्या काचेच्या जगमध्ये मोकळी सोडली (वाइनला हवा लागावी म्हणून असतो तो डिकँटर घेईन कधीतरी). मोठ्या ग्लासात दोनच बोटं.

आधी चेरी आली, पण ताजी नाही, सुकवलेली. मग कोको. आणि तिसऱ्यांदा हुंगलं तेव्हा थेट तासगाव! माझ्या मामांचं तिकडे बेदाण्याचं शेड आहे. मे महिन्याच्या सुट्टीत जाळ्यांखालून वाकून जाताना जो गोडसर, धुळकट, किंचित आंबूस वास यायचा, तोच.

यात नवल काहीच नाही, अमारोनेही सुकवलेल्या द्राक्षांचीच होते. व्हेरोनाच्या उत्तरेला व्हाल्पोलिचेल्लाच्या टेकड्या आहेत. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडलेले घड माळ्यावर, बांबूच्या चटयांवर किंवा उथळ क्रेटमध्ये पसरतात. शंभर ते एकशेवीस दिवस ते तसेच राहतात आणि वजन साधारण तीस-चाळीस टक्के उतरतं. नियमाने 1 डिसेंबरच्या आधी हे घड चिरडता येत नाहीत. आपल्याकडे द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, सालीवरचा मेणचट थर मोडतो आणि दोन-तीन आठवड्यांत बेदाणा तयार. तिकडे बुडवणं नाही, घाईही नाही.

मामांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "शंभर दिस? आन् मधीच आभाळ आलं तर रं?"

नेमका प्रश्न. दमट हवेत बुरशी धरली की सगळं मुसळ केरात. म्हणून आता तिथल्या बऱ्याच माळ्यांवर पंखे असतात, आर्द्रता मोजतात. अवकाळीची धास्ती तासगावात तशी व्हाल्पोलिचेल्लात.

फरक पुढे आहे. बेदाण्यात साखर जपायची असते, अमारोनेत ती यीस्टला जवळजवळ सगळी खाऊ घालायची. यीस्टला मध्येच थांबवलं तर रेचोतो ही वाइन होते, ती गोड. 'अमारो' म्हणजे कडू, नाव त्यावरूनच. घोट गिळल्यावर घशाशी कडू बदामासारखं काहीतरी रेंगाळतं. आधीच्या दोन बाटल्यांत मी त्याला दोष समजलो होतो.

ब्लेंडबद्दल, म्हणजे यात मिसळलेल्या द्राक्षांबद्दल थोडं. कोर्व्हिना मुख्य, चेरी आणि आंबटपणा तिचा, साल जाड म्हणून सुकवणीला टिकते. कोर्व्हिनोनेचे मणी मोठे, टॅनिन (तुरटपणा देतं ते) जास्त. पूर्वी तिला कोर्व्हिनाचाच प्रकार समजत. रोंदिनेल्ला रोगाला चिवट. यातली रोंदिनेल्ला ग्लासात वेगळी ओळखू येते म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. मला आंबटपणा आणि तुरटपणा एवढेच धागे सुटे करता आले.

एक प्रयोग फसला. हौसेने मामांकडचेच बेदाणे सोबत घेतले. चार दाणे चावून घोट घेतला तर वाइन एकदम रुक्ष, कडवट. जिभेवर साखर असली की कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली वाइन उघडी पडते, हे वाचलं होतं, आता भोगलं. बेदाणे बाजूला सारून पार्मेजान चीजचा खारट तुकडा तोंडात टाकला आणि टॅनिन मऊ झालं. तो तुकडा विरघळेपर्यंत मी बोललोच नाही, असं घरचे सांगतात.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी कोको पुढे आला, चेरी मागे सरली. तिसऱ्या दिवशी मामा पुण्यात आले तेव्हा तळाशी घोटभर होती. त्यांनी हुंगली, मान हलवली. मग प्यायले आणि ग्लास माझ्या हातात परत दिला.

"वास आपल्या शेडचा हाय," म्हणाले, "पण गोडी कुनी पळवली?"

पुढची बाटली रेचोतोची आणतो.