निजामपूर-जैताणे: वाडे गावी असतानाच जावे

साक्री तालुक्यातील निजामपूर आणि जैताणे ही गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की परक्या माणसाला त्यांची शीव कळत नाही. धुळे जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्यात ठेलारी समाजाची वस्ती असून मेंढपाळी हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. खानदेशात हिवाळ्यात फिरावे असे सगळेच सांगतात. माझे मत उलटे आहे. दसरा-दिवाळी आटोपली की वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांचे गट, मेंढ्या, कुत्री आणि अख्खा संसार घेऊन बाहेर पडतात, पीक निघालेल्या शेतांत मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा मेंढरांसह हा मुलूख पाहायचा असेल, तर श्रावण-भाद्रपदात यावे.

पाहण्यासारखे पहिले ठिकाण जवळचा भामेर किल्ला. यादवकालीन लेखांतील भंभागिरी ती हीच, असे अभ्यासक मानतात. तिथल्या लक्ष्मीदेव नावाच्या शासकाचा पराभव यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याने केला. पुढे सुरत-बऱ्हाणपूर हा मोठा व्यापारी मार्ग खानदेशातूनच जात असे, त्यामुळे या डोंगरांवरील किल्ल्यांचे महत्त्व टिकून राहिले. डोंगराच्या कुशीत कोरलेल्या लेण्यांची रांग आहे. अजिंठ्याची अपेक्षा धरून येणारा निराश होईल, कारण येथे चित्रे नाहीत; साधे चौकोनी खांब आणि अंधाऱ्या खोल्या आहेत. दुपारी मेंढरे त्यांच्या सावलीला येतात आणि उंबरठ्यापाशी लेंड्यांचा थर साचतो. ज्यांना ते खपत नाही, त्यांनी किल्ला खालूनच पाहावा.

दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते आणि ती घोंगडीलाच शोभते. पण घोंगडीची मागणी घटल्यामुळे आता मेंढपाळाची खरी कमाई मांसासाठी विकल्या जाणाऱ्या जनावरांवरच होते. ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारांवर आज पवनचक्क्या फिरतात. प्रवासी त्यांचे फोटो काढतात, मेंढपाळ मात्र चराईची जागा आक्रसल्याचे सांगतो.

याच तालुक्यातील बळसाणे येथे जुन्या दगडी मंदिरांचा समूह असून त्यांवरील कोरीव काम भामेरच्या लेण्यांपेक्षा कितीतरी सरस आहे. गाडी असल्यास सकाळी भामेर आणि दुपारनंतर बळसाणे असे करावे. गडावर दुकान नाही, म्हणून पाणी आणि खाण्याचे सामान निजामपूरच्या बाजारातूनच घ्यावे.