राजवाड्याच्या ड-खालचा ठिपका

इंदुरात मराठीत काहीही छापायला दिलं की पहिला बळी जातो राजवाड्याचा. लिहून दिलेलं असतं 'राजवाडा', छापून येतं 'राजवाड़ा'. गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका असो, मुंजीचं आमंत्रण असो की मंडळाची स्मरणिका, ड-खाली ठिपका हजर. मग 'गाड़ी', 'साड़ी', 'घड़ी' ही सगळी पिलावळ येते, 'दिवाळी'ची 'दिवाली' होते आणि होळकरांच्या गावात होळकरांचे 'होलकर' होतात. कंपोजिंगवाल्याला दाखवलं तर उत्तर ठरलेलं: "भिया, सेम ही तो है."

दोष एकट्या त्याचा नाही. त्याच्या हाताखालचं सॉफ्टवेअरही तेच म्हणत असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. सॉफ्टवेअर कंपन्या 'मराठी चालते' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांना 'देवनागरी दिसते' एवढंच म्हणायचं असतं. अक्षरं पडद्यावर उमटली की काम झालं असं त्यांना वाटतं. पण ती अक्षरं कोणत्या भाषेची आहेत हे यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. सांगितलं नाही की ते हिंदी धरून चालतं. पुण्यात हे फारसं जाणवत नाही, कारण तिथे आजूबाजूचा माणूस चूक पकडतो. इथे माणूसही हिंदी, कीबोर्डही हिंदी, आणि आपणही आळसाने हिंदी कीबोर्डवरच मराठी बडवतो. सगळी अक्षरं सापडतात ना, मग काय बिघडलं? बिघडतं ते ऑटोकरेक्टमध्ये. हिंदी कीबोर्डच्या शब्दसंग्रहात 'गाडी' नाही, 'गाड़ी' आहे. 'इंदूर' नाही, 'इंदौर' आहे. आपण स्पेस दाबली की तो आपल्यावर उपकार करतो.

तेव्हा सुरुवात फोनपासून. जीबोर्डच्या, म्हणजे गुगलच्या कीबोर्ड ॲपच्या, सेटिंग्जमध्ये 'लँग्वेजेस', तिथे 'ॲड कीबोर्ड', आणि यादीतून मराठी. इंग्रजी अक्षरांतून लिहिणाऱ्यांनी त्यातलाच रोमन-ते-मराठी पर्याय घ्यावा. मराठीत लिहिताना स्पेसबार दाबून धरून भाषा बदलायची, हिंदीवर तसंच रेटायचं नाही. आधीच्या वर्षांत शिकलेले 'राजवाड़ा'सारखे शब्द सूचनांच्या पट्टीत पुन्हा पुन्हा येतात. त्या शब्दावर बोट दाबून धरलं की कचरापेटी दिसते, तिच्यात ओढून टाकायचा. आडनावं, गल्ल्यांची नावं, मंडळाचं नाव हे 'पर्सनल डिक्शनरी'त मराठीखाली एकदाच घालून ठेवलं की पुढची कटकट वाचते.

संगणकावर विंडोज असेल तर सेटिंग्ज, 'टाइम अँड लँग्वेज', 'लँग्वेज', 'ॲड अ लँग्वेज', मराठी. त्याच्या ऑप्शन्समध्ये कीबोर्ड निवडता येतो. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेली प्रमाण कीबोर्ड मांडणी, येत नसेल तर २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून 'मराठी फोनेटिक' आलेला आहे, वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही. विंडोजची कळ आणि स्पेस, की भाषा बदलली. तरीही माझा सल्ला इन्स्क्रिप्ट शिकण्याचा. पंधरा दिवस बोटं रडतात, मग रडत नाहीत. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, महाप्राण शिफ्टवर. रचना इतकी सरळ आहे की पाठांतर फारसं लागत नाही. शिफ्ट आणि एन म्हणजे ळ, शिफ्ट आणि सी म्हणजे ण.

आता खरी मेख: अर्धा र.

हिंदीत अर्ध्या र-चा रफार होतो आणि प्रश्न मिटतो. मराठीत 'दर्या' वेगळा आणि 'दऱ्या' वेगळ्या. पहिल्यात पाणी, दुसरीत घाट. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली' यांत पाकीट कुणाच्या हातात गेलं हेच बदलतं, आणि लग्नघरात दोघंही हजर असतात. हा पापणीसारखा आडवा र टंकायला युनिकोडने, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्याने, ऱ हे स्वतंत्र अक्षर दिलं आहे. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, मग डी म्हणजे हलन्त, मग स्लॅशची कळ म्हणजे य, मग ई म्हणजे काना: ऱ्या. चार कळा. साध्या जे-ने सुरुवात केली की 'र्या' होतो आणि पुऱ्यांच्या 'पुर्या' होतात.

जुन्या मजकुरात याचं आणखी एक रूप भेटतं. तिथे ऱ न वापरता साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य चिन्ह, झिरो विड्थ जॉइनर, असं लिहिलेलं असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याला ओळखत नाही. स्मरणिकेच्या जुन्या अंकातला लेख नव्या फाईलमध्ये आणला आणि 'पुऱ्या' शोधल्यावर एकही सापडली नाही, तर कारण हे असतं. जुन्या लेखातला तो अर्धा र तसाच कॉपी करून 'फाइंड'च्या चौकटीत डकवा, खाली 'ऱ्' टंका, आणि 'रिप्लेस ऑल'.

हुशार लोक इथे एक घोळ घालतात. ठिपक्यांनी वैतागून ते म्हणतात, सगळ्या फाईलमधले नुक्ते, म्हणजे हे खालचे ठिपकेच, काढून टाकू. करू नका. युनिकोडच्या हिशेबात ऱ म्हणजे र अधिक नुक्ता, दोन्ही समान मानलेले आहेत. काही प्रोग्रॅम फाईल साठवताना किंवा साफ करताना ऱ फोडून त्याचे हे दोन तुकडे करतात. अशा फाईलमधून नुक्ता सरसकट काढला की राजवाडा सुधारतो आणि सगळे आचारी आचार्य होतात. फक्त 'ड़' चा 'ड' आणि 'ढ़' चा 'ढ' एवढीच अदलाबदल करायची. तीही दोनदा, कारण 'ड़' सुद्धा दोन प्रकारे साठवलेला असतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ड आणि नुक्ता असा सुटा. एका फेरीत अर्धेच ठिपके जातात आणि माणूस स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतो.

ॲ-ची गोष्ट छोटी आहे. 'ॲम्ब्युलन्स'मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचे फॉन्ट तिथे रिकामा चौकोन दाखवतात. त्या काळात लोक अ-वर चंद्र ठेवून भागवत. आजचे प्रोग्रॅम ती जोडी चुकीची मानतात आणि मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उभं करतात. पत्रिकेत तसं वर्तुळ दिसलं तर फॉन्टला शिव्या न देता तेवढं अक्षर पुन्हा टंका. हिंदीवाला ऍ हे तिसरंच अक्षर, तेही नको.

छपाईच्या दुकानातलं जग मात्र अजून क्रुतीदेवचं आहे. इथल्या डीटीपीवाल्यांचा हात जुन्या हिंदी टाइपरायटरवर बसलेला, आणि क्रुतीदेवची मांडणी त्याच टाइपरायटरची. हा फॉन्ट युनिकोड नाही, तो इंग्रजी अक्षरांना घातलेला देवनागरी मुखवटा आहे. क्रुतीदेवमध्ये 'इंदूर' लिहिलं की फाईलमध्ये साठतं ते बी, ए, एन, डब्ल्यू, जे. बी-च्या जागी इ-चं चित्र, ए-च्या जागी अनुस्वार, एन म्हणजे द, डब्ल्यू म्हणजे दीर्घ ऊकार, जे म्हणजे र. फॉन्ट काढून घेतला की उरतो अर्थहीन इंग्रजी शब्द. म्हणून त्या फाईलमध्ये शोध चालत नाही, शुद्धलेखन तपासता येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर तो मजकूर पाठवला की समोरच्याला गिचमिड मिळते.

आपला युनिकोड मजकूर दुकानात गेला की दोनपैकी एक होतं. एक तर तो कन्व्हर्टरमधून क्रुतीदेवमध्ये जातो, किंवा ऑपरेटर समोर कागद ठेवून पुन्हा टंकतो. कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. क्रुतीदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये नंतर. रफार तिथे अक्षरानंतर येतो, इथे आधी. जोडाक्षरावर वेलांटी असली, म्हणजे 'स्थिती', 'व्यक्तिमत्त्व', 'पत्रिका' असे शब्द आले, की साधे कन्व्हर्टर अडखळतात. शिवाय हे कन्व्हर्टर हिंदीसाठी लिहिलेले, तेव्हा आपल्या आडव्या र-चा रफार होऊन येण्याची तयारी ठेवा. पुन्हा टंकलं तर ऑपरेटरच्या बोटांतली हिंदी उतरते. राजवाड्यावर ठिपका पडतो तो इथे.

यातून सुटायचं तर दुकानात पहिला प्रश्न दराचा विचारू नये, 'कशात बनवता?' हा विचारावा. उत्तर 'पेजमेकर' (पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम) आलं तर युनिकोडचा नाद सोडा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची, तिला युनिकोड कळतच नाही. अशा वेळी मजकूर घरीच लावून, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्यावी आणि 'टंकू नका, जशीच्या तशी छापा' असं सांगावं. आणि पीडीएफमधून मजकूर कॉपी करून घ्यायचा नाही हेही सांगावं. पीडीएफ अक्षरांची चित्रं नीट जपते, पण तिच्यातून उचललेल्या देवनागरीतल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं विखुरतात.

उत्तर 'इनडिझाइन' आलं तर आशा आहे. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' निवडायला सांगा. तो नसेल तर वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते आणि हलन्त उघडे पडतात. फोटोशॉपमध्ये हीच गोष्ट प्रेफरन्सेसच्या 'टाइप' भागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' नावाने आहे, जुन्या आवृत्त्यांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन'. हे नाव वाचून तिथे मराठी दडलेली असेल असं कुणाच्या बापाला सुचणार नाही, पण आहे तिथेच.

अक्षरांच्या रूपाचाही एक मुद्दा आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलं. आपण त्या शासनाच्या हद्दीत येत नाही, पण डोळ्यांना सवय त्याच वळणाची आहे. चांगल्या फॉन्टमध्ये हिंदी आणि मराठी दोन्ही वळणं असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं की मराठी वळण आपोआप येतं. लिब्रऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, भाषांच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'समोर मराठी निवडा. तिथे बहुधा हिंदी असतं. संकेतस्थळ बनवणाऱ्याने पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषेचा कोड 'एमआर' लिहावा, 'एचआय' नाही. दोन अक्षरांचं काम आहे, आणि मंडळांच्या पानांवर ते हमखास चुकलेलं असतं.

सभासदांची यादी अकारविल्हे लावतानाही भाषा सांगावी लागते. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल-च्या लगेच मागे आहे, मराठी वर्णमालेत तो ह-नंतर येतो. यंत्राने तक्त्याप्रमाणे लावलं तर काळे आधी आणि काशीकर नंतर. मराठीप्रमाणे काशीकर आधी. मंडळाच्या वार्षिक सभेत यावरून कुणी रुसलं तर नवल वाटायला नको.

वर्गणीच्या एसएमएसचा हिशेबही वेगळा. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आणि 'स्त्री' हे एक अक्षर नाही, सहा आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, ईकार. 'सर्व स्त्री-पुरुष सभासदांना सस्नेह निमंत्रण' एवढ्यातच निम्म्याहून जास्त जागा संपते. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात.

दुकानात फाईल देण्याआधी एक वाक्य टंकून त्यांच्याकडून, त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये, त्यांच्याच फॉन्टमध्ये छापून घ्यावं: 'राजवाड्याजवळच्या आचाऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या कढईत शिळ्या कणकेच्या पुऱ्या तळल्या.' ड-खाली ठिपका आला तर कुणीतरी पुन्हा टंकलं आहे. 'आचार्यांनी' आलं तर कन्व्हर्टर मध्ये पडला आहे. ॲ-च्या जागी चौकोन म्हणजे फॉन्ट जुना. वेलांट्या उजवीकडे म्हणजे कंपोझर बदलायचा राहिला. ळ-चे ल झाले असतील तर दुकान बदला.

आणि प्रूफ पडद्यावर तीनशे टक्के मोठं करून वाचा, फ्लेक्स असेल तर नक्कीच. आठ पॉइंटाच्या पत्रिकेत तो ठिपका धुळीचा कण वाटून सुटून जातो, दहा फुटी फ्लेक्सवर लिंबाएवढा दिसतो.