पावसातच तुंबणारा संडास

सलग दोन-तीन दिवस पाऊस लागला की आमच्या संडासातील पाणी ओसरेनासे होत असे. फ्लश केल्यावर ते भांड्यात वर चढे, थोडे थांबे आणि गुडगुड आवाज करीत सावकाश खाली जाई. ऊन पडले की सारे पूर्ववत. आत बोळा अडकला असता तर तो ऊन-पाऊस पाहून अडकला नसता, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. प्रत्यक्षात पहिला पावसाळा मी भांड्यात ॲसिड ओतण्यात घालवला, ज्याने सेप्टिक टँकमधील मैला कुजवणारे जिवाणू मात्र मरतात.

शेवटी बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडले. भांडे तुंबलेले असताना चेंबर रिकामे दिसले, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये असतो. चेंबर भरलेले असेल, तर दोष त्याच्या पुढे. आमचे काठोकाठ भरले होते. टँकमधून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते; परंतु पावसाने भूजलाची पातळी खड्ड्यापर्यंत चढली की त्याला जायला जागाच उरत नाही आणि ते उलट घराकडे तुंबत येते. त्यात भर म्हणजे गच्चीवरचा पाइप कोणीतरी सोयीस्करपणे याच चेंबरमध्ये सोडलेला होता. शंभर चौरस मीटर गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तरी हजार लिटर पाणी होते! तो पाइप वेगळा काढल्यावर त्रास निम्म्याहून कमी झाला.

गुडगुड मात्र राहिली. तिचे कारण वायुनलिकेच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा हे निघाले. हवा न मिळाल्याने ट्रॅपमधील, म्हणजे भांड्याखालच्या वळणात दुर्गंधी अडवून धरणारे, पाणी ओढले जाई आणि दुर्गंधी घरात शिरे.

भर पावसात टँक उपसून घेण्याचा मोह मी टाळला. जमीन भिजलेली असताना शोषखड्ड्यातील पाणी पुन्हा आत येऊ शकते आणि प्लास्टिकची हलकी टाकी रिकामी झाल्यास भूजलाच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते. टँकमध्ये स्वतः डोकावणे किंवा उतरणे तर सर्वस्वी वर्ज्य, कारण तेथील विषारी वायूंनी माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. उपसा आम्ही उन्हाळ्यावर ढकलला आहे. तोवर मुसळधार पावसाच्या दिवशी कपडे धुण्याचे यंत्र बंद असते.