आमची वाटचाल: वार नाही, तारीख

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या पुण्यातल्या अकाउंटिंग ऑफिसचं सगळं काम कापडी पिशव्यांत होतं: पर्चेसची बिलं, बँक स्टेटमेंटं, चलनं. आता घरी बसायचं की ऑफिसात हे ज्याचं तो ठरवतो, फक्त तारीख बघून. 'आठवड्यातून तीन दिवस या' हा नियम या धंद्यात कुचकामी. आमचा महिना ७ (टीडीएस, म्हणजे कापलेला कर भरणं), ११ (जीएसटीआर-१, विक्रीचं रिटर्न), १४ (२बी, पुरवठादारांच्या रिटर्नवरून बनणारी खरेदीच्या कराची यादी) आणि २० (३बी, महिन्याचा कर भरण्याचं रिटर्न) या तारखांवर चालतो.

व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडून ऑफिसातलं डेटा फोल्डर घरच्या टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो टाळावा. एंट्री सेव्ह होताना नेट तुटलं की डेटा बिघडतो आणि रीराइट (डेटा दुरुस्त करून पुन्हा लिहिणं) करत बसावं लागतं. टॅली ऑफिसच्याच मशीनवर चालू द्यायचं, घरी नुसता स्क्रीन आणायचा, म्हणजे रिमोट डेस्कटॉप. त्यासाठी ऑफिसच्या मशीनवर विंडोज प्रो लागतं. विंडोज होममध्ये बाहेरून रिमोट डेस्कटॉप जोडता येत नाही. राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा ठेवणं म्हणजे रॅन्समवेअरला (डेटा अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) आवतण, म्हणून आधी व्हीपीएन, मग डेस्कटॉप. मशीनचं स्लीप बंद करायचं आणि वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) लावायचा. तो राहिला, तर कोणाला तरी नुसतं बटण दाबायला ऑफिस गाठावं लागतं. राउटरही यूपीएसवर हवा.

खरा अडसर डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा. प्रोप्रायटरचं (एकट्या मालकाच्या धंद्याचं) जीएसटी रिटर्न ओटीपीवर भरता येतं, कंपनी आणि एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) मात्र टोकन, म्हणजे सही साठवलेलं यूएसबी उपकरण, लागतं. ऑफिसच्या मशीनला लावलेलं टोकन रिमोट डेस्कटॉपमधून दिसत नाही, कारण ते सेशन घरच्या मशीनला लावलेलं टोकन शोधतं. ड्रायव्हर दहादा टाकले तरी फरक पडत नाही. शिवाय टोकन धारकाच्याच ताब्यात असायला हवं, म्हणजे क्लायंटला बोलवावंच लागतं. भोसरी एमआयडीसीतले बरेच कारखाने गुरुवारी बंद असतात, म्हणून सह्यांचा वार गुरुवार. २० तारखेआधीच्या गुरुवारी किमान दोघं ऑफिसात हवीतच.

१५ ते १८ ला खरेदीच्या बिलांशी २बीची जुळवणी घरून जास्त चांगली होते. मध्ये कोणी 'जरा एक मिनिट' म्हणत नाही. बिलं मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मागवायची. फोटो दाबला जातो, जीएसटीआयएन (जीएसटी नंबर) वाचता येत नाही आणि ८ चा ३ होतो.

नव्या माणसाला पहिले सहा महिने घरून काम नाही, यावर कुरकुर होते. पण शेजारी बसलेला मुलगा दिवसातून वीसदा विचारतो, 'हे कुठल्या लेजरला टाकू?' घरी बसला की फोन करायला संकोचतो, सस्पेन्सला (कुठलं खातं हे न ठरलेल्या नोंदींच्या खात्याला) टाकून मोकळा होतो, आणि ते सस्पेन्स मार्चअखेरीला दुसऱ्याच कोणाला तरी उकलावं लागतं.