कळे रस्त्यावर काढलेले पंक्चर

जानेवारीतल्या एका रविवारी गगनबावड्याहून कोल्हापूरकडे परतताना, कळे गाव मागे पडून दोन-तीन किलोमीटर झाले असतील, तेव्हा माझ्या मोटरसायकलचे मागचे चाक एकाएकी डुलू लागले. मागची बाजू चिखलावरून चालल्यासारखी डावी-उजवीकडे सरकते आणि वळणावर गाडी आपले ऐकेनाशी होते, ही मागच्या पंक्चरची खूण ज्याने एकदा अनुभवली तो ती विसरत नाही. पुढचे चाक बसले तर हँडल जड होते आणि तो प्रकार अधिक धोक्याचा असतो. मी ब्रेक दाबला नाही; फक्त ॲक्सिलरेटर सोडला, गाडी आपोआप मंदावू दिली आणि उसाच्या फडाशेजारी कडेच्या मुरमावर उतरवली. मागे बसलेला माझा पुतण्या उतरून चाकाकडे वाकला आणि म्हणाला, "काका, पार बसलंय की ओ!"

त्याचे म्हणणे होते की मागे कळ्यात दुकान आहे, ढकलत जाऊ. मी नको म्हणालो, आणि त्यामागचे कारण इथे नीट सांगायला हवे. माझी गाडी जुनी आहे, चाकाला तारा आहेत आणि टायरमध्ये ट्यूब आहे. हवा असते तेव्हा तिच्या दाबाने टायर रिमला घट्ट धरून असतो. हवा गेल्यावर ती पकड सुटते, टायर रिमवर थोडा-थोडा फिरू लागतो आणि आतली ट्यूबही आपल्याबरोबर ओढतो. व्हॉल्व मात्र रिमच्या भोकात अडकलेला असतो. ही ओढाताण शेवटी व्हॉल्वच्या मुळाशी येते आणि तिथे ट्यूब फाटते. भोकावर पॅच बसतो, व्हॉल्वच्या मुळाशी बसत नाही. दहा मिनिटांत निघणारे पंक्चर नव्या ट्यूबवर जाते ते बहुतेक वेळा अशा चालवण्यामुळे किंवा ढकलण्यामुळे. म्हणून सामान जवळ असेल तर जिथे चाक बसले तिथेच काम करावे, असे माझे ठाम मत आहे.

सामान माझ्या पिशवीत कायम असते: टायर उचकटायचे दोन लिव्हर, पायाने मारायचा पंप, पॅचची डबी, सोल्युशन, रेतीचा कागद, व्हॉल्वची सुई काढायची छोटी चावी आणि हवा मोजायचा गेज. मात्र पिशवी उघडण्याआधी करायचे एक काम असते आणि ते कधीही टाळू नये. गळिताच्या हंगामात या रस्त्यावर उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या एकापाठोपाठ येत असतात. संध्याकाळी त्यांच्या मागे लाल दिवा असेलच याची खात्री नसते आणि चालकाला कडेला बसलेला माणूस उशिरा दिसतो. आम्ही बाभळीच्या दोन हिरव्या फांद्या मोडून गाडीच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर रस्त्याच्या कडेला टाकल्या. ट्रकवाल्यांची ही पद्धत सगळ्यांना कळते. मग गाडी मेन स्टँडवर घेतली आणि मुरमात स्टँड रुतू नये म्हणून खाली एक चपटा दगड सरकवला.

चाक हळूहळू फिरवत पाहिले तेव्हा टायरच्या खाचेत एक चकचकीत टोपी दिसली. पुतण्याने लगेच पक्कड मागितली. मी त्याला आधी खडूने टायरच्या बाजूवर त्या जागेसमोर खूण करायला लावली, कारण खिळा उपसला की रबर मिटते आणि मग ती जागा शोधण्यात फार वेळ जातो. खूण झाल्यावर त्याने खिळा ओढला. इंचभर लांबीचा, टोकाला वाकलेला आणि डोक्याकडे चौकोनी असा तो खिळा बाजारात मिळणाऱ्या लाकडाच्या खिळ्यासारखा मुळीच नव्हता.

तेवढ्यात फडाच्या बांधावरून एक टायरगाडी, म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी, रस्त्याला लागली आणि गाडीवान आम्हाला बघून थांबला. ऊसतोडीसाठी बीडकडून आलेले ते वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी खिळा हातात घेतला, नखाने त्याची माती काढली आणि म्हणाले, "मालक, हा तर पत्रीचा खिळा हाय. आमच्याच एखाद्या बैलाचा पडला असंल." त्यांच्या आवाजात अपराधी भाव होता. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, हे मी त्यांना पुनःपुन्हा सांगितले. बैलाचे खूर दुभंगलेले असतात, त्यामुळे एका पायाला दोन पत्र्या, म्हणजे लोखंडी नाल, ठोकाव्या लागतात आणि प्रत्येक पत्रीला कित्येक खिळे. डांबरी रस्त्यावर उसाचे टनावारी ओझे ओढताना पत्री झिजते, सैल होते आणि खिळे गळतात. हंगामात कोल्हापूरच्या चहूबाजूंच्या रस्त्यांवर पंक्चर वाढते त्याचे एक कारण हेही आहे. हवेचा टायर १८८७-८८ मध्ये बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बनवणारे जॉन बॉइड डनलॉप व्यवसायाने जनावरांचे डॉक्टर होते, ही गोष्ट मला त्या वेळी आठवली आणि मी ती गाडीवानमामांना सांगितली. त्यांनी ती आवडीने ऐकली आणि बैलांना पाणी पाजायची बादली आमच्यापुढे आणून ठेवली. त्या बादलीचा उपयोग पुढे किती झाला ते सांगतोच.

रस्त्याकडेला मागचे चाक सोडवायची गरज नसते. चेनच्या विरुद्ध बाजूने टायरची एकच कडा काढली तरी ट्यूब बाहेर येते. आधी सुई काढून उरलीसुरली हवा सोडली, व्हॉल्वचा नट काढला आणि टाचेने दाबून टायरची कडा रिमपासून सुटी केली. पुतण्याने लिव्हर घातला आणि जोर लावू लागला. कडा जागची हलेना. इथे बहुतेक जण ताकद वाढवतात आणि लिव्हरच्या टोकाने ट्यूबला आणखी दोन भोके पाडतात. खरी युक्ती समोरच्या बाजूला असते. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. ज्या जागी लिव्हर लावला आहे त्याच्या बरोबर समोर टायरची कडा दोन्ही गुडघ्यांनी त्या खोलगटीत ढकलली की इकडे बोटभर ढील मिळते. तेवढी ढील मिळाली की लिव्हर दोन बोटांनीसुद्धा फिरतो. मी समोरून कडा दाबून धरली आणि तो स्वतःच चकित झाल्यासारखा म्हणाला, "आता लोण्यासारखं निघालं."

ट्यूब बाहेर आली तेव्हा खडूच्या खुणेसमोर भोक स्पष्ट दिसत होते. "काका, भोक घावलं, लावूया की पॅच," असे तो म्हणाला, आणि दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. त्या उन्हाळ्यात माझे हेच चाक एका आठवड्यात तीनदा बसले होते. एका दुकानात पहिल्या दोन्ही वेळी पॅच मारून दिला गेला, तिसऱ्या वेळी ट्यूबच खराब आहे असे सांगून नवी घातली गेली, आणि ती नवी ट्यूबही दोन दिवसांत गेली. शेवटी मी घरी टायर उघडला तेव्हा आतल्या अस्तरात बाभळीच्या काट्याचे मोडलेले टोक रुतलेले सापडले. चारही वेळा पंक्चर त्या एकाच टोकाने झाले होते आणि ते बघण्याइतका वेळ कोणी दिला नव्हता. दुकानदाराकडे रांग असते, हे मला समजते. तरीही गिऱ्हाईकाचा जीव त्या चाकावर असतो. त्या आठवड्यानंतर टायर आतून तपासल्याशिवाय ट्यूब परत घालायची नाही, हे माझे पक्के झाले.

म्हणून ट्यूबमध्ये पंपाने थोडी हवा भरली आणि बादलीतल्या पाण्यात ती वीतभर-वीतभर बुडवत फिरवली. चाक जागेवर असल्यामुळे ट्यूब पूर्ण सुटत नाही, एका बाजूने लोंबत राहते. तिला थोडे ताणून पाण्यात धरावे लागते. खिळ्याच्या भोकातून मोठे बुडबुडे भराभरा वर आले. पुढे सरकवत अर्धी ट्यूब झाली आणि दुसऱ्याच ठिकाणी मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे, एकामागून एक, सावकाश सुटताना दिसले. गाडीवानमामांनीच ते आधी पाहिले. "ते बघा, तिथंबी जातीया," असे म्हणत त्यांनी बोट ठेवले. हे भोक इतके बारीक होते की कोरड्या ट्यूबवर ते कुणालाही दिसले नसते. खिळ्याच्या जागी पॅच लावून आम्ही निघालो असतो, तर रात्रीतून चाक पुन्हा बसले असते.

दोन्ही भोकांना खुणा करून मी हातरुमाल बोटाला गुंडाळला आणि टायरच्या आतून सगळीकडे फिरवला. इथे उघडे बोट कधीही फिरवू नये. तार किंवा काच असेल तर बोट कापते. शिवाय सुती कापड बोटापेक्षा जास्त जागरूक असते, कारण त्याचा धागा सूक्ष्म टोकालाही अडकतो. दुसऱ्या खुणेच्या समोर रुमाल अडकला. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर टायरच्या आतल्या बाजूला एक काळसर ठिपका होता, बाहेरून त्याचा काही मागमूस नव्हता. पकडीने धरता येईना, तेव्हा बाहेरून टायर दाबून तो आत ढकलला आणि नखाने उपसला: जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे काट्याचे टोक. ते तिथे किती दिवसांपासून होते कोण जाणे. महिनाभर दर आठवड्याला मागच्या चाकात गेजवर तीन-चार पाउंड हवा कमी दिसायची आणि मी सुईला दोष देत होतो.

आता पॅच. रेतीच्या कागदाने भोकाभोवती पॅचपेक्षा थोडी मोठी जागा घासली, ट्यूबवर साच्याची जी उंच रेष असते ती तिथे पूर्ण सपाट केली, कारण तिच्या बाजूने हवा वाट काढते. नंतर बोटाने सोल्युशनचा पातळ थर लावला आणि थांबलो. सगळे काम बिघडते ते इथे. सोल्युशन म्हणजे द्रावकात विरघळवलेले रबर. द्रावक उडून गेला पाहिजे, तो पॅचखाली अडकला तर जोड कच्चा राहतो. ओल्या सोल्युशनवर पॅच चिकटलेला दिसतो, पण चाक तापले की सरकतो. जाड थर लावून लवकर काम होत नाही, उलट जास्त वेळ लागतो. पुतण्या दर मिनिटाला विचारत होता, "वाळलं की आता?" मी त्याला बोटाची मागची बाजू थराच्या कडेला टेकवून बघायला सांगितले. ओली चकाकी जाऊन थर मंद दिसू लागला, बोटाला चिकट लागेल पण तार ओढणार नाही, तेव्हा पॅच लावायचा. थंडीची संध्याकाळ होती, त्यामुळे आठ-दहा मिनिटे गेली. मग पॅचची पन्नी काढली, आतल्या बाजूला बोट न लावता तो ठेवला, मधून कडांकडे दाबत गेलो आणि लिव्हरच्या गोल मुठीने सपाट दगडावर घोटला. दुसऱ्या भोकालाही तसेच केले. बाकी राहिलेल्या चिकट जागेवर रस्त्याची बारीक धूळ चोळली, नाहीतर ट्यूब टायरला आतून चिकटते. बादलीत पुन्हा बुडवून पाहिले, बुडबुडा नव्हता.

ट्यूब परत घालताना तिच्यात किंचित हवा ठेवली, म्हणजे तिला घडी पडत नाही आणि ती लिव्हरखाली येत नाही. व्हॉल्व भोकात बसवून नट दोन आटे लावला, टायरची कडा व्हॉल्वच्या समोरून चढवायला सुरुवात केली आणि शेवट व्हॉल्वपाशी केला. शेवटची चार बोटे अडतात, तिथेही पुन्हा तीच युक्ती, समोरची कडा खोलगटीत. तेवढ्यात व्हॉल्व एकदा आत दाबून पाहिला, कडेखाली ट्यूब सापडलेली नाही याची खात्री झाली. थोडी हवा भरून चाक फिरवले, टायरच्या बाजूची रेष रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का ते पाहिले, सगळी हवा सोडली आणि पुन्हा भरली, म्हणजे ट्यूबचा पीळ निघतो. गेजवर तीस पाउंड आले तेव्हा पुतण्याचा पाय थरथरत होता, पण पंप त्याने सोडला नाही.

गाडीवानमामा शेवटपर्यंत थांबले होते. बादली धुऊन, पाणी भरून त्यांच्याकडे दिली. त्यांनी खिळा मागून घेतला आणि बैलांच्या पायाशी बसून प्रत्येक पत्री बोटाने चाचपून पाहिली. पुढच्या डाव्या पायाची एक खरोखरच हलत होती. "उद्या सकाळी नालबंदाकडं नेतो," ते म्हणाले. आम्ही फांद्या रस्त्यावरून उचलून बांधावर टाकल्या आणि निघालो. बालिंग्याच्या पुलाजवळ एकदा थांबून चाकाला हात लावून पाहिला, फुलेवाडीत पेट्रोल पंपावर गेज लावला, तीसच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीही गेजवर तेवढेच दिसले आणि आज तीन आठवडे झाले, मागच्या चाकात मला हवा मारावी लागलेली नाही. त्या आठवड्यात मी सोल्युशनची नवी ट्यूब तेवढी आणली. एकदा झाकण उघडलेले सोल्युशन काही महिन्यांत आतल्या आत वाळते आणि हातात घेतल्याशिवाय ते कळत नाही.