आठ-आठ की एकच सोळा? रॅम वाढवतानाचा माझा अनुभव

डेस्कटॉपची रॅम वाढवायला निघाला असाल तर आधी मदरबोर्डच्या मॅन्युअलमधलं रॅम स्लॉटचं पान मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. हे सगळ्यात आधी सांगतेय, कारण माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

माझ्याकडे रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे प्रोसेसरमधलं ग्राफिक्ससुद्धा रॅमवरच चालतं. आठ जीबीची एकच पट्टी होती, २६६६ वेगाची. व्हिडिओ एडिटिंग सुरू असताना ब्राउझर उघडला की मशीन गुदमरायचं. टास्क मॅनेजर बघून १६ जीबी पुरेल हे ठरलं. जुनीशेजारी नवी लावली तर दोन्ही हळू पट्टीच्या वेगाने चालतात, म्हणून ३२००च्या आठ-आठची जोडीच घ्यायची होती.

दुकानात सुरुवात झाली ती "मॅडम, सोळाची एकच घ्या, पुढे अजून एक लावता येईल" इथून. ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड आहे त्यांना हा सल्ला चालेलही. मला नाही. डीडीआर४ (माझ्या रॅमची पिढी) ३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते, आणि दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर असतील तर मिळून ५१.२. ग्राफिक्सला नेमका हाच डेटाचा ओघ लागतो. मी हटले नाही, तेव्हा जोडी निघाली.

पण "बसवणार आम्हीच, नाहीतर वॉरंटीचं आम्ही बघणार नाही." बसवली, आणि कॅबिनेटच्या झाकणावर दुकानाचं स्टिकर चिकटवलं. घरी आल्यावर टास्क मॅनेजर १६ जीबी दाखवत होता, पण व्हिडिओ अडखळतच होता. सीपीयू-झेड (मशीनच्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं. मेमरीच्या टॅबमध्ये चॅनेलपुढे 'सिंगल', आणि फ्रिक्वेन्सी १२००, म्हणजे ३२००ऐवजी २४००चाच वेग.

फोन केला. "सोळा दिसतंय ना? मग झालं की!" झाकण उघडून बघू का, तर "स्टिकर फाटलं तर जबाबदारी तुमची." कॅबिनेट रिक्षात घालून पुन्हा गेले, तर बसवणारा मुलगा जेवायला गेलेला. काउंटरवर तोच तोच संवाद. शेवटी मॅन्युअलचं पान मालकांसमोर धरलं: दोन पट्ट्या असतील तर ए२ आणि बी२, म्हणजे प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट. माझ्या पट्ट्या पहिल्या दोन स्लॉटमध्ये, एकमेकींना खेटून होत्या. दोन्ही एकाच चॅनेलवर! मुलाने त्या काढून योग्य जागी लावल्या, दोन्ही बाजूंचा खटका 'टक्' झाला, आणि सीपीयू-झेडमध्ये 'ड्युअल' आलं. एवढ्याशा कामासाठी इतकी घासाघीस का करावी लागावी, याचा राग अजून आहे.

वेगाचं मात्र त्यांनी अंगावर घेतलं नाही, म्हणाले "ते ओव्हरक्लॉकिंग, आम्ही करत नाही." ते घरी केलं. सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जायचं, एक्सएमपी, म्हणजे पट्टीला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करायची (काही बोर्डांवर तिला डीओसीपी म्हणतात), एफ१० दाबून सेव्ह. त्यानंतर फ्रिक्वेन्सी १६०० दिसली. ती बरोबर आहे. सीपीयू-झेड खरं घड्याळ दाखवतं, ३२०० त्याच्या दुप्पट. यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर लगेच बटण दाबू नका. आणि एक्सएमपी लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवा. माझ्याकडे एकही एरर आली नाही, तेव्हा कुठे निवांत झाले.

डीडीआर५वाल्यांनी (डीडीआर४नंतरच्या पिढीची रॅम असलेल्यांनी) चारही स्लॉट भरायची घाई करू नये. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरवर दोन पट्ट्यांना अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६००वर येतो. तिथे ३२ जीबी हवे असतील तर सोळा-सोळाच घ्या.

आणि हो, बिलावर दोन्ही पट्ट्यांचे सिरीयल नंबर लिहून घ्या, काउंटर सोडायच्या आधी.