चित्रवहीचं दुसरं वर्ष : न्यू ऑर्लिन्सचा कापूस

मोबाईलवर जगातली गाजलेली चित्रं पाहून मी ज्यात टिपून ठेवते त्या वहीला दोन वर्षं झाली म्हणून लिहून राहिली. पहिल्या वर्षी मी फार घाई केली, रोज एक चित्र, कधी दोन, नुसतं बोटानं सरकवत जायचं, आणि वर्षाच्या शेवटी वही उलटून पाहिली तर नावं भरपूर पण डोळ्यासमोर उभी राहतील अशी आठ-दहाच. म्हणून या वर्षी ठरवलं, पंधरा दिवसांत एकच चित्र. रात्रीची भांडी आटोपली की मोबाईल घेऊन स्लॅबवर जायचं कारण घरात रेंजच येत नाही, पहिली वीस मिनिटं काही वाचायचं नाही, फक्त पाहायचं, मग पेनानं चौकट आखून कोण कुठं उभं आहे, उजेड कुठून येतो ते काढायचं, आणि त्याच्यानंतर नाव, साल, म्युझियम. आतापर्यंत १९ झाली.

अजून एक सवय लावली ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. चित्राचं खरं माप शोधायचं आणि घरामागच्या भिंतीवर खडूनं तेवढी चौकट काढायची. मोबाईलवर सगळी चित्रं हाताएवढीच, त्यामुळं अंदाजच येत नाही. फ्रेंच चित्रकार मिलेचं ते संध्याकाळच्या प्रार्थनेचं चित्र, नवराबायको बटाट्याच्या वावरात मान खाली घालून उभे आहेत ते, इतकं गाजलेलं की मला वाटायचं भिंतभर असेल, माप पाहिलं तर जेमतेम ५५ बाय ६६ सेंटीमीटर, खडूची चौकट पाहून मी किती वेळ तिथंच उभी होते. आणि जुना चित्रकार ब्रूगेल याचं १५६५ चं कापणीचं चित्र, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधलं, ते १६० सेंटीमीटर रुंद भरलं, म्हणजे आमच्या बाजेच्या लांबीपेक्षा थोडंच कमी. मेटनं २०१७ पासून त्यांच्याकडचे लाखो फोटो सगळ्यांना मोकळे करून दिलेत, ते पूर्ण मोठे उघडतात, नेट चांगलं असलं तर झूम करत मागंपर्यंत जा, झाडाखाली पाय पसरून झोपलेला माणूस आणि भाकरतुकडा खाणाऱ्या बाया तर सगळ्यांनाच दिसतात, पण पार मागं एका तळ्यात लोकं आंघोळ करून राहिले ते मला चौथ्या दिवशी सापडलं.

एक चूक झाली ती पण लिहिते, कोणाची होत असेल तर वाचेल. तीन महिने माझ्या वहीत 'पिवळसर', 'मातकट', 'जुनाट उजेड' असंच येत होतं, निळं म्हणून कुठं लिहिलेलंच नाही. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून मोबाईलमध्ये ते आय कम्फर्ट चालू केलेलं होतं आणि त्यानं सगळ्या चित्रांवर पिवळं पाणी फिरवलं होतं. ती सहा पानं मी परत लिहिली. आता ते बंद करते, उजेड अर्ध्याच्या वर ठेवते, आणि एकाच चित्राचे दोन वेगळ्या ठिकाणचे फोटो शेजारी लावून पाहते कारण रंग दोन्हीकडे सारखे कधीच नसतात.

आता या वर्षीचं मुख्य चित्र. एदगार देगा, 'न्यू ऑर्लिन्समधली कापसाची पेढी', १८७३. हा फ्रेंच चित्रकार बॅले नाचणाऱ्या मुलींच्या चित्रांसाठी सगळ्यांना माहीत, पण त्याची आई मूळची अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सची, १८७२ मध्ये तो पॅरिसहून तिकडं नातेवाईकांकडं गेला आणि मामाची कापसाची पेढी होती तिथंच बसून हे चित्र केलं. मामा पुढंच खुर्चीत बसलेला, डोक्यावर उंच काळी टोपी, मधोमध देगाचा एक भाऊ पेपर वाचून राहिला, दुसरा डावीकडं खिडकीला टेकून उभा. मागं लांब टेबल आणि त्याच्यावर कापूस पसरलेला. मित्राला लिहिलेल्या पत्रात देगा म्हणतो की चित्रात पंधराएक माणसं आहेत आणि ती त्या मौल्यवान मालाच्या टेबलाभोवती कमीजास्त कामात आहेत. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या एखाद्या गिरणीवाल्याला हे चित्र विकता येईल असं त्याच्या डोक्यात होतं, तसं झालं नाही. मामाची पेढीपण त्याच वर्षी मोडली. ते समजल्यावर तो पेपर वाचणारा भाऊ मला वेगळाच दिसायला लागला.

पण खरी गंमत आधी झाली. तीन रात्री मी ते चित्र पाहिलं आणि वहीत लिहिलं की पुढचा म्हातारा रुमालानं काहीतरी पुसून राहिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मामाजी (माझे सासरे) ओसरीत बसले होते, आतल्या खोलीत यंदाचा कापूस भरलेला, भाव वाढायची वाट पाहून राहिलो सगळे, मी सहज मोबाईल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "हा तं धागा पायते ना वं."

मी म्हटलं, "धागा कुठं मामाजी, रुमाल आहे तो."

ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले, ढिगातलं एक बोंड घेऊन आले, सरकी बाजूला केली, चिमूटभर कापूस दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं यांच्यात धरला आणि हळूच ओढला. मधे धागे ताणले गेले, चंदेरी, पार बारीक. "असा तोडाव लागते. जेवढा लांब सुटते तेवढा भाव. जिनिंगवाला बी असाच पायते." मग परत चित्राकडं पाहून, "पैल्या येचनीचा माल दिस्ते. कचरा नाही त्याच्यात."

मी मोबाईल घेऊन झूम केलं. तेच अंगठे, तोच ताण, मधे तोच विरळ होत गेलेला कापूस. दीडशे वर्षांपूर्वीचा, समुद्रापलीकडचा माणूस, आणि हाताची ढब आमच्या ओसरीतली. मागच्या साली आम्ही जिनिंगला (सरकी काढायच्या कारखान्यात) गाडी नेली होती तेव्हा तिथल्या माणसानं असाच एक पुंजका ओढून नुसती मान हलवली आणि क्विंटलमागं भाव खाली आणला, तो हात मला चांगला आठवतो, म्हणून आता हे चित्र पाहताना माझं लक्ष म्हाताऱ्याच्या तोंडाकडं जातच नाही, हाताकडंच जातं.

वहीत त्याच्याखाली थोडा इकडचा इतिहास पण लिहून ठेवला. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडं वळली आणि इथं कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपल्यावर तो भाव पडला. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ मध्ये आली, खामगावला १८७० मध्ये. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला अमरावतीवरून 'उमरा' म्हणायचे. म्हणजे देगा चित्र काढत होता त्या वर्षी त्या टेबलावरचा कापूस आणि आमच्या पणजोबांच्या वावरातला कापूस एकाच बाजारात विकायला होता.

आणि एक गोष्ट खटकली ती खटकलीच. चित्रात सगळे पुरुष, काळे कोट, पांढऱ्या बाह्या, वेचणारं कोणीच नाही. म्हणून शेजारच्या पानावर मी अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमरचं 'कापूस वेचणाऱ्या' लावलं, १८७६ चं, लॉस एंजेलिसच्या काउंटी म्युझियममधलं. कमरेइतक्या पऱ्हाटीत दोन काळ्या तरुण बाया, एकीचं लक्ष खाली बोंडांत, दुसरी दूर कुठंतरी पाहून राहिली. गुलामी कायद्यानं संपून तेव्हा अकरा वर्षं झाली होती, पण त्यांचं काम तेच राहिलं होतं. बोंडाच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडेला ओरखडे येतात, ज्यानं दिवसभर कमरेला फडकं बांधून वेचलं त्यालाच माहीत, आणि मधेच कंबर सरळ करून धुऱ्याकडं असं पाहणं पण माहीत. पेढीचं चित्र डावीकडं आणि वावराचं उजवीकडं, माझ्या वहीत आता ही दोन सुटी राहूच शकत नाहीत.

मिलेच्या तीन वाकलेल्या बाया (१८५७, पॅरिसचं ओर्से म्युझियम) पण झाल्या. कापणीनंतर पडलेली कणसं वेचणाऱ्या गरीब बाया, त्यांच्यासाठी मी आधी वहीत मोठं वाक्य लिहिलं आणि मग आजीचा शब्द आठवला, सरवा. सरवा वेचून राहिल्या त्या. ओर्से म्युझियम म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन, गाड्या लांब झाल्या आणि फलाट आखूड पडले म्हणून मागं पडलं आणि १९८६ मध्ये तिथं चित्रं आली. शकुंतला गाडी बंद झाल्यापासून दारव्ह्याचं स्टेशन पाहिलं की मला हे आठवतं.

जायचं स्वप्न आहेच, कशाला लपवू. पण पॅरिस पहिलं नाही. देगाचं ते चित्र आहे फ्रान्सच्या दक्षिणेला पो नावाच्या गावात, तिथल्या म्युझियमनं १८७८ मध्येच विकत घेतलं, म्युझियमनं घेतलेलं देगाचं ते पहिलं चित्र. गावातल्या रस्त्यावरून पिरेनीज पर्वताची रांग दिसते म्हणतात, मी नकाशात तो रस्ता बोटानं कितीदा चालून आली. नागपूर, मुंबई, पॅरिस, तिथून पुढं रेल्वे, हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं आहे. घरच्या तुरीची डाळ करून विकते त्यातले थोडे डब्यात टाकते, पासपोर्टचे झाले, तो या उन्हाळ्यात काढायचा.

आणि तोपर्यंत इथूनच. डच चित्रकार व्हॅन गॉग जपानला कधीच गेला नाही, पॅरिसमध्ये शेकडो जपानी छापचित्रं जमवली, १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेचं पुलावरच्या पावसाचं चित्र स्वतःच्या तेलरंगात उतरवून पाहिलं. मिलेची चित्रं पण त्यानं काळ्यापांढऱ्या छापांवरून रंगवली, रंग स्वतःचे घातले. स्क्रीनवर पाहिलेलं काही खरं पाहणं नाही असं कोणी म्हटलं की मी आता हे सांगते.

पुढचं पान व्हॅन गॉगच्या १८८५ च्या बटाटे खाणाऱ्या घराचं. ८२ बाय ११४ सेंटीमीटर, भिंतीवर चौकट काढून झाली. काल मामाजींनी खडूची रेघ पाहून विचारलं, "आज कोनाचं वावर हाय?" मी म्हटलं, वावर नाही मामाजी, यावेळी जेवणाचं ताट आहे.